पपनसाच्या कॅलसमधून नारिंजिन: पुण्यातल्या एका प्रयोगाचे प्रकरण

या प्रकरणातली माणसे आजही याच धंद्यात आहेत, त्यामुळे नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी या प्रकल्पात बाहेरचा सल्लागार होतो. महिन्यातून एकदा जाऊन वह्या पाहायच्या, शंका काढायच्या आणि चहा पिऊन परत यायचे, एवढे माझे काम. त्यातले मधले काम मी नीट केले नाही, तेही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

पुण्यात टिश्यू कल्चर या शब्दाला एक वलय आहे आणि ते उगीच आलेले नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मंडळींनी बाटलीतल्या बांबूला फुले आणली, ते काम १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. जो बांबू कित्येक दशके फुलत नाही, तो काचेत काही महिन्यांत फुलला. त्यानंतर पुणे परिसरात केळी, जरबेरा, ऊस यांची रोपे करणाऱ्या लॅब उभ्या राहिल्या. काही चालल्या, काही बंद पडल्या.

बंद पडायला आलेली अशीच एक जरबेराची लॅब सातारा रस्त्याच्या बाजूला होती. दोन लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेत काम करायची कपाटे), एक जुना उभा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), रॅक लावलेली ग्रोथ रूम आणि दारावर पाटी: ‘चपला बाहेर. गप्पा बाहेर. विचारल्याशिवाय आत येऊ नये, विचारले तरी येऊ नये.’ ही लॅब दोन चुलतभावांनी भाड्याने घेतली. त्यांचा मूळ धंदा वनस्पतींचे अर्क करून क्रीम आणि पूरक आहाराच्या कंपन्यांना पुरवण्याचा. थोरल्यांना सगळे दादा म्हणायचे. धाकटे व्यवस्थापन शिकून आले होते आणि कल्पना त्यांचीच होती.

कल्पना ऐकायला सुंदर होती. लिंबूवर्गीय फळांत नारिंजिन, हेस्पेरिडिन अशी फ्लॅव्हॅनोन (वनस्पतींतली एक प्रकारची रसायने) असतात आणि बाजारात त्यांना मागणी आहे. फळाला हंगाम असतो, शेताला पाऊस लागतो, सालीवर फवारणीचे अंश राहतात. त्यापेक्षा पेशीच बाटलीत वाढवायच्या आणि बारा महिने, एकसारखा, स्वच्छ माल काढायचा. “दादा, शेताशिवाय शेती,” असे धाकटे म्हणायचे. जवळच्या एका नातेवाइकाने याच वाक्यावर पैसे घातले.

लॅबची प्रमुख म्हणून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली एक मुलगी होती. हाताने अत्यंत स्वच्छ. तिच्या बाटल्यांत बुरशी क्वचितच दिसायची आणि टिश्यू कल्चरवाल्यांमध्ये यापेक्षा मोठी पावती नाही. तिच्या हाताखाली मीडिया (पेशींचे खाद्य) करणारा, बाटल्या धुणारा, सबकल्चरला (वाढलेल्या पेशी ताज्या मीडियावर हलवायला) बसणारा एक मुलगा होता. बारावीनंतर शिक्षण सोडलेला, पण लॅमिनारवर हात फार चपळ.

झाडाची निवड

पहिला प्रश्न होता कोणते फळ घ्यायचे. धाकट्यांना मोसंबी हवी होती. मार्केट यार्डात ती जवळजवळ वर्षभर मिळते आणि तिच्या बिया एका अर्थाने सोयीच्या असतात. मोसंबीच्या एका बीतून दोन-तीन अंकुर निघतात. त्यांतले बरेचसे परागीभवनातून आलेले नसतात, बीजांडाच्या आतल्या आईच्याच ऊतकातून आलेले असतात. म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. बीपासून लावलेले रोप आईसारखेच निघते, ही फळबागायतदारांना जुनी ओळखीची गोष्ट.

पण मोसंबीत नारिंजिन नसते. ते नसण्याचे कारण मजेशीर आहे. मोसंबी आणि पपनस, दोघांकडे मूळ माल जवळपास एकच: त्या फ्लॅव्हॅनोनला ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज या दोन साखरा जोडल्या जातात. पपनसातले विकर ऱ्हॅम्नोज ग्लुकोजच्या दुसऱ्या कर्बाला जोडते आणि कडू नारिंजिन तयार होते. मोसंबीतले विकर तीच साखर सहाव्या कर्बाला जोडते आणि तयार होतात हेस्पेरिडिन, नॅरिरुटिन, ज्यांना चव नाही. एक जोड इकडची तिकडे, एवढ्यावर पपनसाच्या सालीचा कडूपणा उभा आहे. (हाच कडू रेणू थोडा बदलला की साखरेच्या शेकडो पट गोड पदार्थ होतो, हे १९६० च्या दशकात अमेरिकेत सापडले. निसर्गाला विनोदाचे अंग आहे.)

ज्या क्रीमवाल्या ग्राहकाशी बोलणी चालू होती त्याला नारिंजिन हवे होते, म्हणून पपनस ठरले. गणपतीच्या दिवसांत कोकणातली पपनसे मार्केट यार्डात येतात. दादांनी स्वतः जाऊन चांगली जड, न लागलेली फळे निवडून आणली.

इथे पहिला निर्णय झाला आणि तो निर्णय आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. पपनसाची बी मोसंबीसारखी नसते. तिच्यात एकच अंकुर असतो, परागीभवनातून आलेला. एका फळातल्या दहा बिया म्हणजे दहा भावंडे, आणि भावंडे सारखी नसतात. प्रत्येक बीपासून निघालेला कॅलस, म्हणजे बाटलीत वाढवलेला पेशींचा गोळा, वेगळी वाण समजून सांभाळायला हवा होता. लॅबच्या वहीत मात्र नोंद होती फक्त ‘पपनस, ३ फळे’.

पहिले आठ महिने

काम नेटके झाले, हे सांगायलाच हवे. फळ धुऊन, स्पिरिटमध्ये बुडवून, ज्योतीवर फिरवून लॅमिनारमध्येच कापायचे. निरोगी फळाचा आतला भाग निर्जंतुक असतो, त्यामुळे बियांना मर्क्युरिक क्लोराइडची आंघोळ घालावी लागत नाही. बियांची साल सोलून मीडियावर ठेवल्या की रोपे निघाली. त्यांच्या देठाचे तुकडे मुराशिगे आणि टकर यांच्या १९६९ च्या मीडियावर ठेवले. हा मीडिया लिंबूवर्गासाठीच बसवलेला आहे आणि त्यात नेहमीच्या मुराशिगे-स्कूग मीडियापेक्षा साखर जास्त असते. सोबत टू-फोर-डी हे वाढीचे संप्रेरक. महिन्याभरात पिवळसर, भुसभुशीत कॅलस आला.

मग तो काळा पडू लागला. कापलेल्या जागी फिनॉल हवेशी भिडतात आणि मीडिया चहासारखा होतो. उपाय ठरलेले आहेत: लवकर सबकल्चर करा, सुरुवातीला अंधारात ठेवा, मीडियात ॲस्कॉर्बिक किंवा सायट्रिक आम्ल घाला. लिंबाच्या कुळातल्या झाडाला वरून सायट्रिक आम्ल पाजताना दादांना फार हसू आले होते. “म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं,” ते म्हणाले.

जानेवारीत उत्पादनाचे प्रयोग सुरू झाले. टू-फोर-डीवर पेशी भराभर वाढतात, पण वाढण्यातच रमतात आणि नारिंजिनसारखी दुय्यम रसायने करायचे टाळतात. म्हणून वाढीसाठी एक आणि उत्पादनासाठी दुसरा असे दोन टप्पे ठेवले: दुसऱ्यात टू-फोर-डी काढून एनएए हे दुसरे संप्रेरक, साखर वाढवलेली, उजेड सोळा तास, आणि काही बाटल्यांत मिथाइल जॅस्मोनेट. हे शेवटचे म्हणजे झाडाला ‘तुला कीड लागली आहे’ अशी खोटी बातमी देणे. बातमी ऐकून झाड बचावाची रसायने करते. वाढ मंदावली, ते अपेक्षित होते. याच गडबडीत बाटल्या कमी पडल्या आणि तीन फळांच्या वेगवेगळ्या ओळी (कॅलसचे वंश) सबकल्चर करताना एकत्र झाल्या. मदतनीस मुलाने विचारले होते, “ताई, दोन नंबरवाल्या वेगळ्या ठेवायच्या का?” ताई घाईत होत्या.

अहवालातले आकडे

जूनमध्ये मला पहिला मोठा अहवाल मिळाला. त्यात तीन मोजण्या होत्या: फोलिन अभिकर्मकाने एकूण फिनॉल, ॲल्युमिनियम क्लोराइडने एकूण फ्लॅव्होनॉइड, आणि डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग किती उडतो त्यावरून ऑक्सिडीकरणरोधी क्षमता. तिन्हींत आलेख वर जाणारे. जॅस्मोनेटच्या बाटल्यांचा कॅलस फिनॉल आणि डीपीपीएच या दोन मोजण्यांत पपनसाच्या सालीच्या बरोबरीला आलेला. मी समासात ‘उत्तम, पुढे चला’ असे लिहून सही केली.

महिन्याभरात धाकट्यांनी माहितीपत्रक छापले. त्यात बाटलीचा फोटो, पपनसाचे फूल आणि तोच आलेख.

अडचण

ग्राहक कंपनीच्या केमिस्टबाईंनी ऑगस्टमध्ये दोन ओळींचे पत्र पाठवले. एक: एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नारिंजिन किती टक्के, तो अहवाल पाठवा. दोन: फ्युरॅनोकुमारिनची चाचणी केली आहे का?

दुसरा प्रश्न आधी सांगतो, कारण तो आम्हाला कोणालाच सुचला नव्हता. पपनस हे ग्रेपफ्रूटच्या आईबापांपैकी एक. ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधाची रक्तातली पातळी चढते, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यामागे असतात ही फ्युरॅनोकुमारिन. ती मुख्यतः आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या विकराला निकामी करतात. त्याच कुटुंबातले बर्गाप्टेन त्वचेवर लागून ऊन पडले की चट्टे उठू शकतात. क्रीममध्ये जाणाऱ्या मालाबद्दल हा प्रश्न येणारच होता. तो आम्हाला पहिल्या बैठकीत पडायला हवा होता.

पहिल्या प्रश्नासाठी भोसरीच्या एका खासगी चाचणी लॅबमध्ये नमुने दिले: कॅलसचे सहा, आणि माझ्या आग्रहाने त्याच हंगामातल्या पपनसाच्या सालीचा एक. अहवाल आला तेव्हा पुण्यात पुन्हा गणपती बसले होते. २८३ नॅनोमीटरवर सालीच्या नमुन्यात नारिंजिनचा पीक (आलेखातला उंचवटा) इतका उंच की वरचा भाग कापला गेला होता. पातळ करून पुन्हा चालवावे लागले. कॅलसच्या पाच नमुन्यांत नारिंजिनच्या जागी पीक आहे की पायाची रेषा हलली आहे, हे भिंग घेऊन ठरवावे लागत होते. सहाव्यात पीक होता. लहान, पण स्वच्छ.

मग बरोबरीला आलेला तो आलेख कोठून आला?

हे शोधायला मला आणि प्रमुख मुलीला दोन दिवस लागले. उत्तर वहीच्या एका ओळीत होते. कॅलस वाटताना काळा पडतो म्हणून ती वाटणात ॲस्कॉर्बिक आम्लाची चिमूट घालत होती. साल काळी पडत नाही, म्हणून सालीत घालत नव्हती. ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजे जीवनसत्त्व क. ते फोलिनला निळे करते, डीपीपीएचचा रंग झटक्यात उडवते. जॅस्मोनेटच्या बाटल्यांतला कॅलस जास्त काळा पडायचा, म्हणून त्यात चिमूट थोडी मोठी. माहितीपत्रकावरच्या आलेखात आम्ही आम्हीच घातलेले जीवनसत्त्व मोजले होते.

नुसते वाटणाचे द्रावण, कॅलस न घालता, एकदा मोजले असते तर हे पहिल्याच दिवशी दिसले असते. असा कोरा नमुना वहीत एकदाही नव्हता. मी सही करताना तो शोधला नव्हता.

फ्लॅव्होनॉइडच्या आलेखाची गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियम क्लोराइडची पिवळी चाचणी क्वेर्सेटिनसारख्या फ्लॅव्होनॉलवर बेतलेली आहे. नारिंजिन हे फ्लॅव्हॅनोन, आणि त्याला ही चाचणी जेमतेम दाद देते. म्हणजे नारिंजिन शोधायला निघालो आणि जी चाळणी घेतली तिच्यातून नेमके तेच गळून जात होते. शिवाय कॅलसचे आकडे कोरड्या वजनावर होते आणि सालीचे ओल्या वजनावर. कॅलसमध्ये पंचाण्णव टक्के पाणी असते. एवढे पुरे.

मुलगी रडली नाही. तिने वही मिटली आणि म्हणाली, “सर, तुम्हीही पाहिलं होतं ना?” पाहिले होते.

पुढचे पर्याय

दिवाळीनंतर बैठक झाली. दादा, धाकटे, प्रमुख मुलगी आणि मी. नातेवाइकाला बोलावले नव्हते, तरी ते आले.

धाकट्यांचे म्हणणे सरळ होते: सहाव्या नमुन्यात पीक आहे, म्हणजे ती ओळ चांगली आहे. तिच्यावर जोर द्या, द्रव मीडियात सस्पेन्शन करा, मोठ्या टाकीत न्या. त्यांनी जपानचे उदाहरण दिले. १९८० च्या दशकात तिथे शिकोनिन हा लाल रंग पेशीसंवर्धनातून काढून लिपस्टिकमध्ये विकला गेला. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषधही यू वृक्षाच्या पेशी टाक्यांत वाढवून काढतात. दोन्ही उदाहरणे खरी आहेत. पण शिकोनिन ज्या मुळांत असते ती जमिनीत वाढायला वर्षे लागतात, आणि टॅक्सॉलसाठी साल सोलायची तर झाड मरते. तिथे पेशींची शर्यत संथ किंवा दुर्मीळ झाडाशी होती. आमची शर्यत उकिरड्यावर पडलेल्या सालीशी होती.

मी पाठीमागच्या फळ्यावर हिशोब मांडला. हा हिशोब पहिल्या दिवशी मांडायला पाव तास लागला असता. एका बाटलीत पाच आठवड्यांत दहा ग्रॅम ओला कॅलस. सुकवला की अर्धा ग्रॅम. त्यात एक टक्का नारिंजिन आहे असे उदारपणे धरू, जे आमच्यात नव्हते. म्हणजे बाटलीमागे पाच मिलिग्रॅम. एक किलो नारिंजिनला दोन लाख बाटल्या. आमच्या ग्रोथ रूममध्ये पाच हजार मावतात. वर्षात दहा खेपा धरल्या तरी चार वर्षे.

“आणि टाकीत?” धाकट्यांनी विचारले. टाकीत लिटरला दहा ग्रॅम कोरड्या पेशी मिळाल्या, तोच एक टक्का धरला, तर किलोला दहा हजार लिटर. सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो पाण्याचा मोठा टँकर साधारण तेवढ्याचा. तो पूर्ण निर्जंतुक ठेवायचा, हवा खेळती ठेवायची आणि त्यात एकही जिवाणू जाऊ द्यायचा नाही. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीला वीज जाते हे लहान पोरालाही माहीत आहे.

साल? त्याच एक टक्क्याने शंभर किलो वाळलेली साल. ओली असताना चार-पाचशे किलो. “म्हणजे एक छोटा हत्ती,” दादा म्हणाले. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

दुसरा पर्याय प्रमुख मुलीने मांडला आणि तो जास्त विचार करण्यासारखा होता. लिंबूवर्गात फ्लॅव्हॅनोन कोवळ्या अवयवांत भरपूर असतात: कोवळी पाने, कळ्या, बोराएवढी फळे. कॅलसला अवयव नसतात. त्याच्या पेशी काहीही होऊ शकतात, पण काहीच झालेल्या नसतात, म्हणून पानाचे रसायन त्या करत नाहीत. सालीतल्या तेलाचे तर आणखी स्पष्ट आहे: लिमोनीन तेलग्रंथींत साठते, ग्रंथीच नाहीत तर तेल कुठे ठेवणार? तेव्हा कॅलसऐवजी बाटलीत कोंब वाढवावेत, किंवा जिवाणूच्या मदतीने केसाळ मुळे करावीत, असे तिचे म्हणणे. शास्त्र म्हणून बरोबर. बाटल्यांचा हिशोब मात्र फारसा बदलत नव्हता.

तिसरा पर्याय होता लक्ष्य बदलण्याचा: सालीत सहज न मिळणारे, महाग, थोडक्यात विकले जाणारे काहीतरी शोधायचे. यासाठी ग्राहक आधी हवा होता आणि तो नव्हता. चौथा, लॅब मालकाला परत देऊन मोकळे व्हायचे. नातेवाइकांचे मत या बाजूला होते आणि ते त्यांनी तीन वेळा सांगितले.

पाचवा पर्याय दादांचा, आणि तो त्यांच्या जुन्या धंद्यातून आला होता: साल.

निर्णय आणि कृती

कॅलसमधून नारिंजिन काढायचे काम थांबवायचे ठरले. सहाव्या नमुन्याचा शोध मात्र एकदा घ्यावा असे मला वाटत होते, कारण तो पीक खोटा नव्हता. पण ओळी जानेवारीतच एकत्र झाल्या होत्या. चाळीस बाटल्या वेगवेगळ्या करून पुन्हा तपासणीला पाठवल्या, खर्च माझ्या मानधनातून वळता केला, आणि तो पीक परत सापडला नाही. बहुधा एखाद्या भावंडातच ती धमक होती. ते भावंड गर्दीत हरवले. कोणत्या फळाच्या कोणत्या बीचे, हे सांगणारी पट्टी बाटलीवर असती तर हा परिच्छेद वेगळा झाला असता.

माहितीपत्रकाच्या उरलेल्या प्रती धाकट्यांनी परत मागवल्या. केमिस्टबाईंना खरे काय झाले ते पत्राने कळवले. पत्र पाठवावे की नाही यावर भावाभावांत कडाक्याचे भांडण झाले. दादांनी शेवटी स्वतः सही केली. बाईंचे उत्तर एका ओळीचे होते: कळवल्याबद्दल आभार, हेस्पेरिडिन जमत असेल तर बोला.

हेस्पेरिडिन म्हणजे मोसंबी, आणि पुण्यात मोसंबीच्या रसाचे गाडे चौकाचौकांत आहेत. मोसंबीत फ्युरॅनोकुमारिनची भानगडही फारच कमी. काढण्याची रीत जुनी: साल चुन्याच्या निवळीत भिजवायची, गाळायची, मग आम्ल घालून थोडे गरम करून ठेवायचे. हेस्पेरिडिन अल्कलीत विरघळते आणि आम्लात बसते, म्हणून खाली साका येतो.

कागदावर सोपे, पण इथेही ठेच लागलीच. गाड्यावाला मोसंबी वरवर सोलतो आणि मग पिळतो. त्याच्या सोललेल्या पातळ सालीत तेल जास्त असते. हेस्पेरिडिन असते पांढऱ्या गरात आणि पाकळ्यांच्या पापुद्र्यांत, म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्यात. पहिले तीन आठवडे आम्ही गोळा केली साल. चोथा गाईंना जात होता. मग गाडेवाल्यांना दोन डबे दिले. ओला चोथा पुण्याच्या दमट पावसाळ्यात एका रात्रीत आंबतो, त्यामुळे चुन्याची निवळी भरलेले पिंपच टेंपोत ठेवून जागच्या जागी चोथा त्यात टाकायची युक्ती काढली. ती मदतनीस मुलाची. या खेपेला प्रत्येक पिंपाला पट्टी होती, आणि प्रत्येक खेपेला निवळीचा कोरा नमुना.

काय झाले

हेस्पेरिडिन निघू लागले. शुद्धता सुरुवातीला ग्राहकाच्या मागणीपेक्षा कमी पडली, दोनदा पुन्हा विरघळवून बसवल्यावर जमली. माल जातो, थोडाच, पण नियमित. नातेवाइकांचे सगळे पैसे परत आले नाहीत आणि ते लग्नाकार्यात हा विषय काढतात. धाकटे वर्षभराने वेगळे झाले; भांडून नव्हे, त्यांना टाक्यांचे स्वप्न सोडवेना. प्रमुख मुलगी पीएच.डी.ला लागली. विषय लिंबूवर्गच, पण कोंब. तिच्या पहिल्या सादरीकरणात दुसरीच सरकपट्टी कोऱ्या नमुन्याची होती, असे ऐकले.

वेगळे काय करता आले असते

हिशोब आधी. एक किलो मालाला किती बाटल्या, हे कळायला प्रयोग लागत नाही, वजनकाटाही लागत नाही. आम्ही तो चौदा महिन्यांनी मांडला, कारण सुरुवातीला मांडला असता तर प्रकल्पच झाला नसता आणि प्रकल्प सगळ्यांना हवा होता. मलाही. पुण्यातल्या लोकांना टिश्यू कल्चर म्हटले की रोपे आठवतात, आणि रोपांचा हिशोब वेगळाच असतो: एका तुकड्याची हजार रोपे होतात आणि प्रत्येक रोप पुढे जमिनीत स्वतःचे पोट भरते. कॅलस आयुष्यभर बाटलीतच जेवतो आणि साखर आपण घालतो. हा फरक मला ठाऊक होता. तो मी बैठकीत बोलून दाखवला नाही.

दुसरे, एचपीएलसी पहिल्या महिन्यात करायला हवी होती, आणि सालीचा नमुना त्याच दिवशी, त्याच रीतीने वाटून, त्याच वजनाच्या हिशोबाने. रंगाच्या चाचण्या स्वस्त आहेत, त्या घरच्या घरी होतात, पण त्या रेणू ओळखत नाहीत. बाहेरच्या तपासणीचा खर्च वाचवायला म्हणून त्या वापरल्या आणि शेवटी छपाईचा खर्च अंगावर आला.

बियांच्या ओळींबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मुलीने त्या एकत्र केल्या ही चूक खरी, पण एकट्या माणसाला बाटल्या, मोजण्या आणि अहवाल सगळे करायला लावले की असेच होते. मदतनीस मुलाने प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर द्यायला कोणाला तरी वेळ असायला हवा होता. पपनसाऐवजी मोसंबी घेतली असती तर ही चूक अंगाशी आली नसती, पण मग नारिंजिनही मिळाले नसते. इथे सोपा मार्ग नव्हता, फक्त पट्ट्या चिकटवायच्या होत्या.

ग्राहकाच्या केमिस्टला सुरुवातीलाच भेटायला हवे होते. धाकटे त्यांच्या विक्री विभागाशी बोलत राहिले आणि विक्रीवाल्यांना फोटो आवडला. बाईंचे दोन प्रश्न पहिल्या आठवड्यात आले असते तर पपनस बहुधा निवडलेच गेले नसते.

आज

लॅबचा अर्धा भाग पुन्हा जरबेरा करतो. उरलेल्या रॅकवर, खालून दुसऱ्या फळीवर, पपनसाच्या कॅलसच्या बारा बाटल्या आहेत. लिंबूवर्गाचा कॅलस बरेचदा सवयीचा होतो, त्याला वरून संप्रेरक द्यावे लागत नाही, नुसत्या मीडियावर वाढत राहतो. तसा हा झाला आहे. दर पाच आठवड्यांनी तो मुलगा त्यांचे सबकल्चर करतो. गेल्या खेपेला मी विचारले, “अजून का ठेवल्यात?” तो म्हणाला, “थांबवा असं कोणी सांगितलंच नाही, सर.” बाटल्यांवर आता पट्ट्या आहेत. एक ते बारा.